स्पॅच्युला मिळायचा तेव्हा

टीमफाइट टॅक्टिक्स, म्हणजे आमच्या तोंडचा टीएफटी, जून २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात कच्च्या वस्तू आठच होत्या. तलवार, धनुष्य, कांडी, अश्रू, चिलखत, झगा, पट्टा आणि स्पॅच्युला. पहिल्या सातांचं काम पाहताक्षणी कळायचं. तलवारीनं मार वाढायचा, धनुष्यानं वेग, पट्ट्यानं जीव. आठवा स्पॅच्युला म्हणजे नुसतं सोनेरी उलथणं. चॅम्पियनच्या हातात दिलं तर त्याची ताकद काडीइतकीही वाढत नसे. तरीही तो पटावर दिसला की आठही खेळाडूंची नजर तिथेच खिळायची. कारण दुसऱ्या एखाद्या वस्तूशी जोडला की हाच स्पॅच्युला चॅम्पियनची जातकुळी बदलून टाकायचा.

आज अशा जोडून बनलेल्या वस्तूंना एम्बलम म्हणतात, आणि त्या मिळवायच्या वाटा इतक्या झाल्या आहेत की नव्या खेळाडूला त्यांचं अप्रूप वाटत नाही. मला मात्र अजून वाटतं. ह्या खेळात मी जे काही शिकलो, त्यातला मोठा भाग त्या एका सोनेरी वस्तूनं शिकवला. म्हणून तेव्हाचा स्पॅच्युला आणि आताचं एम्बलम शेजारी शेजारी ठेवून बघावंसं वाटतं.

ज्यांनी हा खेळ कधी हाती घेतला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आठ जण एका लॉबीत बसतात. प्रत्येकाचा वेगळा पट आणि जमेला १०० जीव. दर फेरीला दुकानात चॅम्पियन येतात, ते सोन्याच्या नाण्यांनी घ्यायचे आणि पटावर मांडायचे. एकदा मांडले की लढाई ते आपली आपण लढतात, आपण फक्त बघायचं. एकच चॅम्पियन तीनदा घेतला की तो दोन स्टारचा होतो, नऊदा घेतला की तीन स्टारचा. नाणी साठवली तर दर दहामागे एक नाणं व्याज मिळतं, जास्तीत जास्त पाच. आणि प्रत्येक चॅम्पियनला दोन-तीन ट्रेट असतात, म्हणजे तो अमुक कुळाचा आणि तमुक पेशाचा. एका ट्रेटचे दोन, चार, सहा असे चॅम्पियन पटावर जमले की त्या त्या टप्प्याला बळ मिळतं. सगळी गंमत ह्या टप्प्यांत आहे. पाच असतील आणि टप्पा सहाचा असेल, तर पाचवा चॅम्पियन त्या ट्रेटपुरता वाया जातो. ही एकाची कमतरता भरून काढणारी वस्तू म्हणजे स्पॅच्युलापासून बनलेली वस्तू.

हा खेळप्रकारच तेव्हा अगदी कोवळा होता. जानेवारी २०१९ मध्ये ड्रोडो स्टुडिओ ह्या चिनी गटानं डोटा २ च्या आत ऑटो चेस नावाचा एक मोड बांधला आणि काही महिन्यांत जगभर त्याचं वेड पसरलं. त्याच जूनमध्ये व्हॅल्व्हनं डोटा अंडरलॉर्ड्स आणला, रायटनं टीएफटी आणला, नोव्हेंबरमध्ये हार्थस्टोननं बॅटलग्राउंड्स सुरू केलं. ऑटो चेसमध्येही कुळं होती, पेशे होते, वस्तू होत्या. पण तिथे मोहरा ज्या कुळात जन्मला, त्याच कुळात मरायचा. टीएफटीत आल्यावर स्पॅच्युलानं ती चौकट मोडली, आणि आमच्यासारख्यांना ह्याच खेळाशी बांधून ठेवलं.

पहिल्या सेटमधल्या, म्हणजे खेळाच्या पहिल्या पर्वातल्या, स्पॅच्युलाच्या जोड्या मला अजून तोंडपाठ आहेत. तलवारीशी जोडला की युमूज घोस्टब्लेड व्हायचं आणि धारण करणारा असॅसिन बनायचा. धनुष्याशी जोडला की ब्लेड ऑफ द रुइन्ड किंग, म्हणजे ब्लेडमास्टर. कांडीशी युमी, म्हणजे सॉर्सरर. अश्रूशी डार्किन, म्हणजे डीमन. चिलखताशी नाइट्स व्हाउ, म्हणजे नाइट. पट्ट्याशी फ्रोझन मॅलेट, म्हणजे ग्लेशियल. आणि स्पॅच्युलालाच स्पॅच्युला जोडला तर फोर्स ऑफ नेचर. त्यानं कुळ-पेशा काही मिळत नसे, पण पटावर एक चॅम्पियन जास्तीचा उतरवता यायचा. दुसऱ्या खिडकीत ह्या जोड्यांचा तक्ता उघडून ठेवलेला असायचा आणि फेरीचं घड्याळ संपत आलं की नजर त्या तक्त्यावर आणि बोट माउसवर अशी धांदल उडायची.

तेव्हाची खरी अडचण होती स्पॅच्युला हाती लागण्याची. राक्षसांच्या फेऱ्यांत कुणाला किती वस्तू मिळतील ह्याचा भरवसा नसे. एकाच्या बेंचवर, म्हणजे पटाबाहेरच्या राखीव जागेत, वस्तूंचा ढीग आणि दुसरा कोरडा, असं सर्रास व्हायचं. राहिला कॅरोसेलचा मार्ग. मधोमध गोल फिरणारे चॅम्पियन, प्रत्येकाच्या डोक्यावर एक वस्तू. सुरुवातीच्या कॅरोसेलला सगळे एकदम सुटायचे. पुढच्या कॅरोसेलना ज्यांचा जीव सर्वांत कमी, त्यांना आधी सोडायचे. त्यामुळे एक विलक्षण डाव रुळला. सुरुवातीच्या फेऱ्या मुद्दाम हरायच्या, जीव खाली आणायचा, आणि कॅरोसेलला पहिला नंबर लावून स्पॅच्युला उचलायचा. इकडे आपल्याकडून दूरच्या सर्व्हरवर खेळताना पिंग वाढला तरी एरवी काही बिघडत नसे, कारण लढाई आपोआप चालते. पण कॅरोसेलला तोच पिंग नडायचा. स्पॅच्युला आपल्यासमोरून जायचा, आपण धावायचो, आणि पडद्यावर कळायचं की तो आधीच दुसऱ्याच्या डोक्यावर गेला आहे.

आणि तो मिळाला की ठरवलेला सगळा डाव बाजूला ठेवावा लागायचा. स्पॅच्युला आधी यायचा, विचार नंतर. हातात पट्टा आहे का? मग ग्लेशियलकडे वळायचं. अश्रू आहे? मग डीमन. काहीच नसेल तर तो बेंचवर ठेवून पुढच्या फेरीच्या आशेवर राहायचं. एकदा वस्तू चॅम्पियनच्या अंगावर चढवली की ती परत मिळवायला तो चॅम्पियनच विकावा लागे. म्हणून चढवण्याआधी जो विचार व्हायचा, तो आजच्यापेक्षा जड होता. आमच्या फ्लॅटवर एकाच्या लॅपटॉपवर हा प्रसंग आला की बाकीचे आपापला डाव सोडून त्याच्या मागे उभे राहायचे. कुणी म्हणायचं, "अरे थांब, आत्ताच चढवू नकोस, आधी दुकान बघ." कुणी म्हणायचं, "आता नाही चढवलास तर ही फेरी गेलीच समज." खेळ एकट्याचा होता, पण स्पॅच्युलाचा निर्णय सगळ्यांचा असायचा.

त्या चर्चांतूनच एक महत्त्वाची गोष्ट आमच्या ध्यानात आली. सगळे ट्रेट एका जातीचे नसतात. काही ट्रेटचं बळ साऱ्या फौजेला मिळतं आणि काहींचं बळ फक्त त्या ट्रेटच्या चॅम्पियनलाच. पहिल्या सेटमध्ये नाइटचा टप्पा पूर्ण झाला की सगळ्याच साथीदारांवर पडणारा मार कमी व्हायचा. म्हणून नाइट्स व्हाउ कुणाच्या अंगावर आहे ह्यानं फारसा फरक पडत नसे. जो चॅम्पियन पटावर असणारच आहे आणि ज्याला दुसरी वस्तू द्यायची नाही, अशा कुणालाही ती द्यावी. पण ग्लेशियलचं तसं नव्हतं. ग्लेशियलचा चॅम्पियन जेव्हा वार करतो, तेव्हा समोरच्याला गोठवण्याची शक्यता असते, आणि ती फक्त त्याच्याच वारात असते. मग फ्रोझन मॅलेट कुणाला द्यायचं? जो सर्वांत भराभर वार करतो त्याला. जितके वार जास्त, तितक्या वेळा नशीब आजमावता येतं.

ग्लेशियलचा डाव जरा जवळून बघण्यासारखा आहे. ग्लेशियलचे टप्पे दोन, चार आणि सहा. आणि पहिल्या सेटमध्ये ग्लेशियल चॅम्पियन होते मोजून सहा: ब्रॉम, लिसांड्रा, अ‍ॅश, व्हॉलीबेअर, सेजुआनी आणि अनिव्हिया. स्पॅच्युला नसेल तर सहाचा टप्पा गाठायला ह्या सहाही जणांना गोळा करावं लागे, आणि त्यातली अनिव्हिया पाच नाण्यांची, म्हणजे दुकानात क्वचित दिसणारी. फ्रोझन मॅलेट हाती असेल तर पाच जण पुरायचे. एवढं सगळ्यांनाच दिसायचं. पण मॅलेट जर व्हेनच्या हाती दिलं, तर गणित आणखी पुढे जायचं. व्हेन नोबल आणि रेंजर. अ‍ॅशही रेंजरच. दोघी एकत्र आल्या की रेंजरचा टप्पा जागा होऊन वाराचा वेग अधूनमधून दुप्पट व्हायचा. म्हणजे मॅलेटमुळे ग्लेशियलचा आकडा एकानं वाढला, तो वाढवणारी स्वतः वेगानं गोठवणारी ठरली, आणि तिच्या येण्यानं दुसरा एक ट्रेटही पेटला. एका वस्तूनं तीन कामं केली. त्यानंतर मी एम्बलमकडे 'एक जास्तीचा' ह्या हिशेबानं बघणं सोडून दिलं. ते कुणाच्या अंगावर गेल्यानं आणखी काय काय जागं होतं, हा हिशेब मांडू लागलो.

घोस्टब्लेडची तऱ्हा आणखी वेगळी. असॅसिन लढाई सुरू होताच उडी मारून शत्रूच्या पिछाडीला जातो. घोस्टब्लेड चढवलेला चॅम्पियनही उडी मारायचा. लांबून मारा करणाऱ्या नाजूक चॅम्पियनला ते दिलं तर तो थेट शत्रूंच्या घोळक्यात जाऊन पडायचा आणि पहिल्या दोन सेकंदांत संपायचा. पण केनेनसारख्याला दिलं, ज्याचं अस्त्र भोवतालच्या सगळ्यांवर कोसळतं, तर तीच उडी प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या रांगेचा घात करायची. जातकुळीबरोबर तिच्या सवयीही अंगात येतात, हे ध्यानात ठेवावं लागे.

हे दिवस फार टिकले नाहीत. १९ मार्च २०२० ला टीएफटी मोबाइलवर आला, आणि आठवड्याभरात आपल्याकडे लॉकडाउन लागलं. फ्लॅटमधले सगळे आपापल्या गावी पांगले. पाठीमागे उभं राहून सल्ला देण्याचे दिवस संपले आणि कॉलवर ओरडण्याचे दिवस आले. त्याच काळात तिसरा सेट, गॅलक्सीज, सुरू होता. स्पॅच्युला तोच, पण त्याच्या जोड्यांची नावं आणि ट्रेट नवे. दर सेटला जुनं पाठांतर पुसून नवं करायचं, ही रीत तेव्हापासून अंगवळणी पडली.

पुढच्या काही वर्षांत जे घडलं ते मला ह्या खेळाचं सर्वांत मोठं स्थित्यंतर वाटतं. जे 'एक जास्तीचा' देण्याचं काम फक्त स्पॅच्युलाकडे होतं, ते हळूहळू खेळभर वाटलं गेलं. सप्टेंबर २०२० च्या फेट्स सेटमध्ये चोझन आले. चोझन चॅम्पियन दुकानात थेट दोन स्टारचा मिळायचा आणि त्याच्या एका ट्रेटमध्ये एकाची भर घालायचा. नोव्हेंबर २०२१ च्या गिझ्मोज अँड गॅजेट्स सेटमध्ये ऑगमेंट, म्हणजे डावात निवडायच्या खास शक्ती, आले. त्यातल्या हार्टनं ट्रेटचा आकडा वाढायचा, तोही कुणाच्या अंगावर काही न चढवता. क्रेस्टनं तयार एम्बलम आणि सोबत त्या ट्रेटचा एक चॅम्पियन मिळायचा. टोम ऑफ ट्रेट्स नावाचं पुस्तक उघडलं की काही एम्बलम समोर यायचे, त्यातलं एक निवडायचं, आणि आपल्या पटावर जे ट्रेट जागे आहेत त्यांचे एम्बलम येण्याची शक्यता जास्त असायची. जून २०२२ च्या ड्रॅगनलँड्समध्ये ड्रॅगन दोन जागा अडवायचे, पण आपल्या कुळात तिघांची भर घालायचे. नोव्हेंबर २०२३ च्या रिमिक्स रंबलमध्ये हेडलाइनर आले आणि चोझनची आठवण ताजी झाली.

२०२४ मध्ये स्पॅच्युलाला जोडीदार मिळाला: फ्राइंग पॅन. स्पॅच्युलापासून कुळांचे एम्बलम घडवायचे आणि पॅनपासून पेशांचे. दोन स्पॅच्युलांचा जो फोर्स ऑफ नेचर होता, त्याचं नाव त्याआधीच टॅक्टिशियन्स क्राउन झालं होतं. आता स्पॅच्युला आणि पॅन जोडले की टॅक्टिशियन्स केप आणि दोन पॅन जोडले की टॅक्टिशियन्स शील्ड असं त्याचं कुटुंबच झालं. चीनमध्ये तर ऑगस्ट २०२१ मध्ये मोबाइलवर आलेल्या ह्या खेळाचं नावच सोनेरी स्पॅच्युलावरून ठेवलं आहे. एकेकाळी निरुपयोगी वाटलेल्या वस्तूनं एवढी मजल मारली.

सोयीही वाढल्या. वस्तू वाटपातली जुनी तफावत बरीच कमी झाली. चढवलेली वस्तू उतरवायला मॅग्नेटिक रिमूव्हर आला. जोड्या खेळातच दिसतात, पटाची आखणी आधीच करून ठेवायला टीम प्लॅनर आहे. बदल झाले की खेळाचे रचनाकार स्टीफन मॉर्टिमर, ज्यांना सगळे मॉर्ट म्हणतात, ते व्हिडिओतून त्यामागचा विचार समजावून सांगतात. कोणतं एम्बलम कुणाच्या अंगावर जास्त जिंकतं, ह्याची आकडेवारी फोनवर पाहता येते.

माझा भाचा ह्या काळात खेळ शिकलेला. त्याचा खेळ माझ्यापेक्षा चांगला आहे, हात वेगवान आहे. मागच्या सुट्टीत तो शेजारी बसून खेळत होता. त्याला एका फेरीत एम्बलम मिळालं आणि त्यानं ते पाहताक्षणी आपल्या मुख्य कॅरीच्या, म्हणजे सर्वांत जास्त मारा करणाऱ्या चॅम्पियनच्या, अंगावर चढवलं.

मी म्हटलं, "अरे, तिलाच का दिलंस?"

"मामा, आकडेवारीत तीच पहिली आहे."

"तिच्याकडे दोन वस्तू होत्या. तिसरी जागा ह्यानं गेली. आता तिचा मार कुठून येणार?"

तो थोडा वेळ पटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण नाहीतर सहा होत नाहीत ना!"

"सहा कुणामुळेही होतील. मागे तो टँक उभा आहे, त्याला काहीच दिलेलं नाहीये."

रिमूव्हर त्याच्याकडे होता. त्यानं एम्बलम उतरवून टँकला दिलं. टप्पा सहाचा तसाच राहिला आणि कॅरीची तिसरी जागा मोकळी झाली. पुढच्या फेरीत तिथे माराची वस्तू बसली. ही माझी हुशारी नव्हे. ज्या दिवसांत रिमूव्हर नव्हता आणि पाच जण पाठीमागे उभे राहून भांडायचे, त्या दिवसांनी लावलेली ही सवय आहे.

आकडेवारी खोटं सांगत नाही, पण ती सरासरी सांगते. ज्या हजारो डावांत ते एम्बलम त्या कॅरीच्या अंगावर होतं, त्यातल्या पुष्कळ डावांत तिच्याकडे आधीच हव्या त्या सगळ्या वस्तू असतील किंवा पट आधीच जिंकण्याजोगा असेल. आपल्या समोरच्या पटाला त्यातलं काही ठाऊक नसतं. जुन्या दिवसांत आकडे नव्हते, म्हणून प्रत्येक पट नव्यानं मोजावा लागे. आजच्या मुलांना ती मोजणी कुणी सक्तीनं करायला लावत नाही, एवढाच काय तो तोटा.

जुने दिवस चांगले आणि आताचे वाईट, असं मी म्हणणार नाही. पहिल्या सेटमध्ये कैक डाव केवळ वस्तू न मिळाल्यानं हातचे गेले, आणि त्यात कौशल्याचा काही भाग नव्हता. आज मागे पडलेल्यालाही वाट सापडते. एम्बलमच्या जोरावर ट्रेटचा सर्वांत वरचा टप्पा गाठण्याचा जो थरार आज आहे, तो तेव्हा इतका भव्य नव्हता. तेव्हाचा सहाचा टप्पा आज कित्येक ट्रेटमध्ये दहापर्यंत गेला आहे. आणि तिथे तर जुन्या हिशेबाची गरज आणखी वाढते.

समजा एखाद्या ट्रेटचे चॅम्पियन आठ आहेत आणि वरचा टप्पा दहाचा आहे. दोन एम्बलम मिळाले की काम झालं असं वाटतं. पण एम्बलम जागा देत नाही. आठ मूळचे आणि दोन एम्बलमवाले मिळून पटावर दहा चॅम्पियन लागतात. लेव्हल नऊवर नऊच उतरतात. म्हणजे दोन एम्बलमसोबत एक टॅक्टिशियन्स क्राउन हवा, किंवा लेव्हल दहा गाठायला हवी, किंवा अंगावर न चढवता आकडा वाढवणारं दुसरं काही हवं. हार्ट, चोझन, हेडलाइनर ह्यांची किंमत इथे कळते. त्यांची भर जागा न अडवता पडते. एम्बलमची भर एखाद्या चॅम्पियनच्या अंगावरूनच पडते, आणि तो चॅम्पियन पटावर बसवावा लागतोच.

म्हणूनच एम्बलमचा खरा उपयोग आकडा वाढवण्यापेक्षा दुबळ्या चॅम्पियनला घरी पाठवण्यात जास्त असतो. सहाचा टप्पा गाठायला त्या ट्रेटचा एक नाण्याचा, एक स्टारचा, शेवटच्या फेऱ्यांत टिकाव न धरणारा चॅम्पियन पटावर ठेवावा लागत असेल, तर एम्बलम एखाद्या पाच नाण्यांच्या बलदंड चॅम्पियनला द्यावं आणि दुबळ्याला विकावं. टप्पा तोच राहतो, फौज मात्र तगडी होते. पहिल्या सेटपासून आजतागायत ह्या तत्त्वात काडीचा बदल झालेला नाही. चोझन आले आणि गेले, ड्रॅगन आले आणि गेले, पण पटावरची एक जागा ही सर्वांत महाग चीज होती आणि आहे.

हरवलं असेल तर एक मात्र हरवलं आहे, आणि त्याची हळहळ मला मनापासून वाटते. तेव्हा स्पॅच्युला आपल्याला डाव सुचवायचा. घरून डीमनचं ठरवून निघालेला माणूस ग्लेशियलवर पोचायचा, आणि त्या वाटेत त्याला कधी न घेतलेल्या चॅम्पियनची ओळख व्हायची. आज बहुतेक जण डाव आधी निवडतात आणि त्याला हवं ते एम्बलम मिळेपर्यंत वाट बघतात. नाही मिळालं तर चिडतात. खेळानं इतकी विविधता दिली, वर्षाला तीन नवे सेट दिले, शेकडो चॅम्पियन आणि असंख्य जोड्या दिल्या. त्यातली पाच-सहाच तयार मांडणीची पानं उलटत राहणं हा त्या श्रीमंतीचा अपमान आहे. कंपनी अधूनमधून एखादा जुना सेट थोड्या काळासाठी परत आणते, तेव्हा मी तो आवर्जून खेळतो. पण जुनी पात्रं परत आली म्हणून जुनी खेळायची रीत आपोआप परत येत नाही. ती आपल्याला आणावी लागते, आणि ती आजच्या सेटमध्येही आणता येते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या डावात एखादं एम्बलम हाती लागलं, तर ते लगेच चढवू नका. आधी बघा की हा ट्रेट साऱ्या फौजेला बळ देतो की फक्त धारण करणाऱ्याला. साऱ्या फौजेला देत असेल, तर ज्याच्या वस्तूंच्या जागा रिकाम्या आहेत आणि जो शेवटपर्यंत पटावर राहणार आहे, त्याला द्या. फक्त धारण करणाऱ्याला देत असेल, तर त्या गुणाचं सर्वांत जास्त सोनं करणारा शोधा, मग तो कॅरी असला तरी हरकत नाही. त्यानंतर बघा की तो चॅम्पियन आपल्यासोबत आणखी कोणता ट्रेट जागा करतो, आणि त्याच्यामुळे कोणता दुबळा चॅम्पियन विकता येतो. जो आधीच त्या ट्रेटचा आहे त्याला एम्बलम घालता येत नाही, आणि एकाच चॅम्पियनच्या दोन प्रती मांडल्या तरी ट्रेटमध्ये तो एकदाच मोजला जातो, हेही ध्यानात असू द्या. आणि हातातलं एम्बलम ठरवलेल्या डावात बसतच नसेल, तर ते टाकून देण्याआधी एकदा ठरवलेला डाव सोडून बघा. चार डाव हराल, पण पाचव्यात जे सापडेल ते कोणत्याही यादीत लिहिलेलं नसेल.